पिशवी द्या, पिशवी घ्या

छत्तीस वर्षं मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढली आणि त्या छत्तीस वर्षांत रिकामं जमा झाल्याशिवाय भरलेलं कुणाला दिलं नाही. गॅसचं सिलिंडर असो, ऑइलचा डबा असो की वेल्डरचे हातमोजे असोत, आधी जुनं काउंटरवर, मग नवं. एकदा एका मोठ्या साहेबाला तुटलेल्या ड्रिलचा तुकडा शोधायला मी परत वर्कशॉपमध्ये पाठवलं होतं. पाठीमागे लोक मला खडूस म्हणायचे, हे मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बायको तोंडावरच म्हणायची, "तुम्ही यम आला तरी त्याच्याकडे आधी चिठ्ठी मागाल."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या शिस्तीने झालं, दुष्टपणाने नव्हे. जिच्यावर बेतलं तिला या फरकाचा काय उपयोग, ते मला अजून कळलेलं नाही.

भोपाळच्या बरखेड्यातलं आमचं मराठी मंडळ म्हणजे एक हॉल, एक स्टेज, गणपतीतल्या भांड्यांची एक खोली आणि पाच-सहा जुनी भांडणं. मंडळातल्या बायकांनी फार वर्षांपूर्वी एक धान्यपेढी सुरू केली होती. घरोघरी स्वयंपाकाला बसण्याआधी एक मूठ तांदूळ किंवा डाळ वेगळ्या डब्यात टाकायची, महिना संपला की तो डबा मंडळात आणून रिकामा करायचा. जमलेलं धान्य वारलेल्या कामगारांच्या घरी, ठेक्यावरच्या मजुरांकडे जायचं. आम्ही पुरुष त्याला बायकांचा खेळ समजत होतो. मग कोरोना आला आणि त्या खेळावर दीडशे घरं जेवू लागली.

दुसऱ्या लाटेत तर बिकट झालं. या गावाला हवेची भीती नवी नाही. गॅसकांडाची रात्र ज्यांनी पाहिली होती त्यांनी खिडक्यांच्या फटींत पुन्हा कापडं कोंबली. पेढी चालवणाऱ्या बायकांपैकी निम्म्या आजारी पडल्या, एक गेली. उरलेल्यांनी चाव्या माझ्या हातात दिल्या. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, हात शिवशिवत होते. मी दोन दिवसांत सगळं रांगेला लावलं.

पिशव्या निळ्या होत्या, कारखान्याच्या युनिफॉर्मच्या कापडाच्या. कुणाकडे तरी एक तागा पडून होता, तो बायकांनी शिवून काढला. ताग्यातून निघाल्या तेवढ्याच. बाजार बंद, दुसरं कापड मिळायचं नाही. म्हणून मी नियम केला आणि हॉलच्या दारावर खडूने लिहिला: पिशवी द्या, पिशवी घ्या. दर शनिवारी सकाळी नऊच्या आत रिकामी पिशवी फाटकाला किंवा जिन्याच्या कठड्याला अडकवायची. आमची माणसं ती उचलणार, तिथेच भरलेली लटकवणार. वर जायचं नाही, बेल वाजवायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. गोळा केलेल्या पिशव्या दोन दिवस गच्चीवर उन्हात पडणार, मग पुन्हा भरणार. तांदूळ, कणीक, तुरीची डाळ, मीठ, तिखट, हळद आणि जमलं तर तेलाची छोटी बाटली. साखर मात्र नव्हती. ती येतच नव्हती आणि कुणी विचारलं तर मी म्हणायचो, साखरेवाचून कुणी मरत नाही.

बाकीच्या घरांतून पिशव्या घडी करून, रिकाम्या यायच्या. मराठी घरांतून मात्र रिकामी पिशवी कधी यायचीच नाही. शेजारणीची वाटी नुसती परत करायची नाही, हे आपल्या बायकांच्या हाडात मुरलेलं. पिशवीच्या तळाशी साखरेची पुडी असायची, नाहीतर लिंबू, कढीलिंबाची काडी, कुणाकडून देवाचं फूल. मी वैतागलो. इथे लोक एकमेकांच्या सावलीला घाबरतायत आणि या बायका पुड्या पाठवतायत! मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सूचना टाकली: पिशव्या रिकाम्याच पाठवाव्यात, आत काहीही ठेवू नये. कुणी ऐकलं नाही. माझी बायको त्या पुड्या सोडवून साखर एका बरणीत भरत राहिली. "फेकून दे," म्हटलं तर म्हणाली, "आधी मला फेका."

आमच्या यादीत एक ताई होत्या. सेक्टरच्या मागे जी खासगी घरं झाली आहेत तिथे दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच त्यांचं घर. यजमान फिटर होते, जाऊन दहा वर्षं झाली होती. माहेर-सासर दोन्ही विदर्भातलं, एकुलती एक मुलगी नागपूरला दिलेली. गणपतीत भंडाऱ्याच्या दिवशी या ताई सकाळपासून खाली मान घालून भाजी चिरत बसायच्या आणि मी दाराशी दिसलो की म्हणायच्या, "भाऊ, चहा झाला का जी तुमचा?" मंडळात मला चहाचं विचारणारी तेवढी एकच बाई. पहिली पिशवी पोचली तेव्हा त्यांनी फोन केला होता. "तांदूळ मस्त निघाले जी भाऊ, कणी नाही एक." त्यांचा फोन बटणाचा, साधा. व्हॉट्सॲपची भानगड त्यांच्याकडे नव्हती, म्हणजे माझी ती सूचना त्यांच्यापर्यंत गेलीच नाही.

त्यांच्या पिशवीतून पहिल्यांदा चांगली मूठभर साखर आली. पुढच्या खेपेला चमचाभर. मग चार लवंगा आल्या, मग एक हळकुंड. ही उतरण मला आज दिसते. तेव्हा बायको सांगायची, "ताईंनी आज लवंगा पाठवल्यात हो," आणि मी यादीतून डोकं वर न काढता म्हणायचो, "रिकामी पाठवा असं लिहिलंय मी."

मग एका शनिवारी त्यांची पिशवी आलीच नाही. मी सूट दिली, भरलेली पिशवी लटकवायला सांगितली. ती कुणीतरी उचलून नेली, म्हणजे घरात माणूस होतं. पुढच्या शनिवारीही कठडा रिकामा. त्या भागात शाळेच्या पी.टी.च्या बाई स्कूटरवर पिशव्या पोचवायच्या. तरुण, तडफदार, शिट्टी गळ्यात घालूनच फिरणारी बाई. हॉलच्या दाराशी येऊन त्या म्हणाल्या, "सर, माँजी की थैली आज भी नहीं टँगी थी."

"पिछली बार छूट दे दी थी," मी म्हटलं. "अब नहीं. पहले खाली, फिर भरी."

"मैं अपने घर से एक थैली दे दूँ?"

"फिर सब यही करेंगे. डेढ़ सौ घर हैं."

"एक बार ऊपर जाकर पूछ लूँ?"

"ऊपर जाना मना है."

"मना तो आपने ही किया है, सर," त्या म्हणाल्या. मास्क होता, डोळे तेवढे दिसत होते. मी बघितलं नाही त्यांच्याकडे. भरलेली पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि मागे ढिगावर ठेवली.

दुपारी मी ताईंना फोन लावला. सात रिंग झाल्या, उचलला नाही. मला वाटलं, हबीबगंज स्टेशनातून गाड्या सुटतायत, मुलीने नेलं असेल नागपूरला. निरोप द्यायची रीत नाही हल्ली लोकांना, असं पुटपुटून मी यादीत त्यांच्या नावापुढे 'बाहेरगावी' लिहिलं. फोन मी एकदाच केला. दुसऱ्यांदा करायला मला कुणी मनाई केली नव्हती. पुढचे दोन शनिवारही त्यांच्या जिन्याला पिशवी गेली नाही आणि मला त्यांची आठवणही झाली नाही. हे लिहायला जड जातंय, पण नाही झाली.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या खाली राहणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांचं घर पंधरा दिवस बंद होतं, नवरा आणि सासू दोघंही तापाने पडलेले. "भैया, ऊपर वाली माँजी की गैलरी की बत्ती दो दिन से दिन में भी जल रही है. आवाज़ देती हूँ तो बोलतीं नहीं."

कॉलनीचा चौकीदार आणि मी वर गेलो. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. कडी तोडायला फार जोर लागला नाही. ताई खाटेवर होत्या, भिंतीकडे तोंड करून, अंगावर चादर नीट ओढलेली. चौकीदार हात जोडून दाराशीच थांबला. मी, स्टोअर्सचा माणूस, सवयीने घर बघत गेलो. स्वयंपाकघरात डबे घासून, पुसून, फडक्यावर उपडे घातलेले. एक तेवढा सरळ होता, मिठाचा, अर्धा भरलेला. शेगडी लखलखीत होती.

दाराशेजारी स्टुलावर आमच्या दोन निळ्या पिशव्या होत्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, कडेला कड जुळवून ठेवलेल्या. वर वहीच्या कागदाचा एक चौकोन होता, पुडीसाठी घड्या पाडलेला. आत काही नव्हतं.

मला तिथेच कळलं. खालच्या बाई जिन्यात उभं राहून रडत रडत जे सांगत होत्या ते मी फक्त ऐकून घेतलं. त्यांनी जिन्यातूनच विचारलं होतं म्हणे, माँजी, थैली क्यों नहीं टाँगतीं? तर ताई म्हणाल्या, "खाली कैसे टाँगूँ? देने लायक कुछ है नहीं घर में. शक्कर आ जाए, फिर टाँगूँगी." मैं दे दूँ, असं या बाई म्हणाल्या तेव्हा ताईंनी उलट त्यांनाच समजावलं, तुम्हारे घर में बीमारी है, तुम्हें लगेगी.

घरी येऊन मी बायकोवरच ओरडलो. "तुळशीचं पान टाकायचं होतं! चार दाणे डाळ टाकायची होती! मीठ होतं की घरात!"

"तुळस वाळून गेली असेल या उन्हात," ती म्हणाली. "आणि तुम्ही दिलेलीच डाळ तुम्हाला परत पाठवायची? मीठ पाठवतं का कुणी कुणाला?" थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही पण मराठीच ना हो? एवढंही सुचू नये?"

मला सुचलं नाही. मला दोन्ही रीती माहीत होत्या, घरातली आणि स्टोअर्सची. ताईंनी घरातली पाळली, मी स्टोअर्सची.

डॉक्टरांनी हृदयविकार लिहून दिलं. ताप होता, वय होतं की पोटात काही नव्हतं, हे कुणी बघितलं नाही. त्या दिवसांत बघायला कुणाला सवडही नव्हती. बायको म्हणते, तीन आठवडे पिशवी आली नाही म्हणून माणूस मरत नाही, आधीची पुरवून खाल्ली असेल. असेल. पण ते उपडे डबे मी पाहिलेत, तिने नाही.

मुलगी नागपुरात स्वतःच कोरोनाने पडलेली, येऊ शकत नव्हती. फोनवर म्हणाली, "आई तुम्हाला भाऊ म्हणायची, म्हणजे तुम्ही माझे मामाच. अग्नी तुम्हीच द्या जी, मामा." मी दिला. विश्रामघाटावर रांग होती, पीपीई घातलेला एक माणूस लवकर लवकर म्हणत होता. मला मंत्र येत नव्हते. मी आपलं ताई, ताई, म्हणत राहिलो.

संध्याकाळी मुलीचा पुन्हा फोन आला. ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "मामा, तुमचे उपकार कसे फेडू? आई रोज सांगायची मला. भावाची पिशवी बरोब्बर शनिवारी येते, आज खिचडी केली, आज डाळ-भात केला. परवापरवापर्यंत सांगत होती. शेवटपर्यंत माझी आई उपाशी नाही राहिली, तुमच्यामुळे."

त्या तीन आठवड्यांत पिशवी गेलीच नव्हती. मुलीला काळजी नको म्हणून ताई फोनवर जेवत होत्या.

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो. अगं, माझं कामच होतं ते."

दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या दारावरचा नियम ओल्या फडक्याने पुसला. पिशवी आली नाही तरी भरलेली जाईल, घरातलं माणूस डोळ्यांनी दिसेपर्यंत हाक मारायची, असं सगळ्यांना सांगितलं. निळ्या पिशव्या संपल्या तेव्हा बायकांनी जुन्या साड्या फाडून शिवल्या. म्हणजे कापड होतंच, प्रत्येक कपाटात होतं. मी विचारलं नव्हतं. पी.टी.च्या बाईंनी मला एक शब्द ऐकवला नाही. त्या रोज यायच्या, पिशव्या मोजून घ्यायच्या आणि जाताना "चलती हूँ, सर" म्हणायच्या. त्यांनी एकदा तरी भांडायला हवं होतं, असं मला वाटायचं.

तेव्हापासून काही गोष्टी मला चिकटल्या आहेत. कुणाच्या फाटकाला दुधाची, पेपरची, कसलीही पिशवी लटकलेली दिसली की माझी पावलं अडतात आणि मी ती उचलली जाईपर्यंत कोपऱ्यावर उभा राहतो. लोक मला भ्रमिष्ट समजतात. फोन कुणाला लावला आणि सात रिंग झाल्या की मी ठेवत नाही, पुन्हा लावतो, पुन्हा लावतो. भाच्याने वैतागून मला ब्लॉक केलं होतं. दुपारी इस्त्रीचा वास आला की मी उठून गॅलरीत जातो. आणि भर उन्हात, गल्लीत चिटपाखरू नसताना, खालून कुणीतरी विचारतं, भाऊ, चहा झाला का जी तुमचा. मी आधी वाकून बघायचो. आता बघत नाही, "झाला, ताई," एवढंच म्हणतो. बायकोने एकदा ऐकलं. आत जाऊन तिने चहा टाकला.

ताईंच्या मुलीला सांगावं का, हे मी बायकोलाच विचारलं, कारण माझ्या घरात विचारण्याजोगं दुसरं कुणी नाही. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "तिच्या भल्यासाठी सांगणार असाल तर सांगा. तुमच्या छातीवरचं ओझं उतरावं म्हणून सांगणार असाल, तर ते तिच्या छातीवर जाईल. मग नका सांगू." मी आठवडाभर विचार केला. मला स्वतःचंच खरं कारण ओळखता येईना. एका मनाला वाटायचं, तिला आपल्या आईचं मरण खरं-खरं माहीत असण्याचा हक्क आहे. दुसऱ्या मनाला फक्त सुटायचं होतं. दोन्ही मनं एकाच आवाजात बोलायची.

वर्षश्राद्धाला ती भोपाळला आली. आईचं घर तिने विकलं नव्हतं, आठ दिवस आधी येऊन झाडून-पुसून घेतलं. मी ठरवलं होतं, समोरासमोर बसून सांगायचं. श्राद्धाच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला.

"मामा, एक विचारू? शेवटच्या पिशवीत काय काय होतं, आठवतं का तुम्हाला? मला त्या दिवशी तेच करायचं आहे. आईने शेवटी जे खाल्लं, तेच."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. ती म्हणाली, "नसेल आठवत तर राहू द्या जी."

"आठवतं," मी म्हणालो. "बासमती तांदूळ होता. तुरीची डाळ. साजूक तूप होतं, पाव किलो. शेवया, बेदाणे. हरभऱ्याची डाळ आणि गूळ होता, पुरणापुरता." यातलं निम्मं आम्ही कधी कुणाच्या पिशवीत घातलं नव्हतं. माझ्या हातून छत्तीस वर्षांत चिठ्ठीवाचून एक खिळा गेला नाही, आणि आता मी बोलतच सुटलो होतो. "वेलदोडे पण होते चार-पाच," मी म्हणालो.

"इतकं?" ती म्हणाली. "आईने कधी सांगितलं नाही इतकं. खिचडीच सांगायची."

त्या दिवशी मला आणि बायकोला जेवायला बोलावलं होतं. पानावर सगळं होतं, मी सांगितलेलं, मी सांगितलं त्या क्रमाने. भटजी उठून गेले होते. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून कालवायला लागली. सांगायचं म्हणून आलो होतो ते ओठांपर्यंत आलंही. मुलगी समोर उभी होती, पदर खोचलेला, हातात पुरणाची वाटी. आल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा निवळलेला होता.

"मामा, अजून घ्या जी," ती म्हणाली. "माझ्या आईला तुम्ही पोटभर वाढलं."

मी पान पुढे केलं.